गोलरक्षकाकडे सुरक्षित बॅकपास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅकपास नेमका कशाला म्हणतात, आणि गोलरक्षकाला तो हाताने का घेता येत नाही?

आपल्याच संघाच्या गोलरक्षकाकडे मुद्दाम पायाने दिलेल्या चेंडूला मैदानावर सरसकट बॅकपास म्हटले जाते. फुटबॉलच्या नियमावलीतील बाराव्या नियमानुसार असा चेंडू गोलरक्षकाने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात हाताने हाताळला, तर प्रतिस्पर्ध्यांना अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशी किक, मिळते. त्यासाठी दोन गोष्टी एकत्र घडाव्या लागतात. चेंडू पायाने, म्हणजे पावलाने किंवा घोट्याने, मारलेला असावा लागतो आणि तो मुद्दाम गोलरक्षकासाठी मारलेला असावा लागतो. पास मागच्याच दिशेने गेला पाहिजे, असे मात्र नियम म्हणत नाही. गोलरक्षक पुढे सरसावलेला असताना एखाद्या बचावपटूने गोलरेषेजवळून त्याच्याकडे पुढच्या दिशेने चेंडू ढकलला, तरी हात लावण्याची बंदी तशीच लागू राहते.

बचावपटूने चेंडू दूर मारायचा प्रयत्न केला, किक चुकली आणि चेंडू गोलरक्षकाकडे उडाला, तर तो हाताने घेता येतो, कारण तिथे हेतू गोलरक्षकाकडे देण्याचा नव्हता. प्रतिस्पर्ध्याचा फटका बचावपटूच्या पायाला लागून मागे वळला, तरीही तसेच. हेतू ठरवण्याचा अधिकार पंचांचा असल्यामुळे सीमारेषेवरच्या प्रसंगांत वाद होतातच. म्हणूनच शंका आली की पायाने खेळावे, ही सवय गोलरक्षकाने लहानपणापासून लावून घेतलेली बरी.

हा नियम केव्हा आणि कशामुळे आला?

1992 साली. त्याआधी बचावपटूने मागे पास द्यायचा, गोलरक्षकाने तो उचलायचा, पुन्हा जमिनीवर सोडून बचावपटूला द्यायचा आणि परत घ्यायचा, असा वेळकाढूपणा वाटेल तितका करता येत असे. इटलीतील 1990 च्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी 2.21 गोल झाले आणि स्पर्धा रटाळ ठरल्याची टीका जगभर झाली. त्याच स्पर्धेत पालेर्मोत झालेल्या आयर्लंड विरुद्ध इजिप्त या गोलशून्य सामन्यात आयर्लंडचा गोलरक्षक पॅकी बॉनर याने एकूण सुमारे सहा मिनिटे चेंडू हातातच ठेवला होता, असे आजही सांगितले जाते. दोन वर्षांनी, जून 1992 मध्ये, डेन्मार्कने गॉथेनबर्गमध्ये जर्मनीला 2-0 असे हरवून युरोपीय अजिंक्यपद मिळवले, तेव्हाही आघाडी राखण्यासाठी चेंडू पुन्हापुन्हा पीटर श्मायकेलच्या हातात दिला जात होता. त्यानंतर लगेचच नवा नियम लागू झाला आणि त्याच उन्हाळ्यातील बार्सिलोना ऑलिंपिक त्याखाली खेळले गेले.

गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखे भारताकडून खेळलेले त्या आधीच्या पिढीतील गोलरक्षक मागे आलेला पास निर्धास्तपणे हातात घेऊ शकत होते. आजच्या गोलरक्षकाला तो पर्याय नाही, आणि पास देणाऱ्याने नेमके हेच डोक्यात ठेवायला हवे. आपण ज्याला चेंडू देत आहोत तो त्या क्षणापुरता अकरावा बचावपटू आहे, त्याच्या मागे रिकामे गोल आहे आणि त्याला चेंडू पायानेच खेळायचा आहे. पुढील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीतून निघतात.

डोक्याने, छातीने किंवा गुडघ्याने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक हातात घेऊ शकतो का?

घेऊ शकतो, पण नियमाला बगल देण्यासाठी केलेली क्लृप्ती चालत नाही. प्रतिस्पर्ध्याचा उंच क्रॉस छातीवर घेऊन गोलरक्षकाकडे सोडणे पूर्णपणे वैध आहे. मात्र पायाशी असलेला चेंडू स्वतःच वर उडवून मग डोक्याने मागे देणाऱ्या खेळाडूला पिवळे कार्ड दाखवले जाते. गोलरक्षकाने पुढे त्या चेंडूला हात लावला की नाही, याच्याशी या कार्डाचा संबंध नसतो. ही क्लृप्ती गोलरक्षकाने स्वतः सुरू केली असेल, तर कार्ड त्याला मिळते.

डोक्याने मागे देणे नियमात बसते म्हणून ते सुरक्षितही असते, असा समज शालेय संघांत फार आढळतो. वास्तविक समोरून वेगाने आलेल्या चेंडूचा वेग डोक्याला लागून बराच कमी होतो, दिशा बदलताना मान वळवावी लागते आणि मागे धावत येणारा आघाडीपटू दिसत नाही. गोलरक्षक आठ-दहा मीटरच्या आत असेल, त्याने आवाज दिला असेल आणि मध्ये कोणी नसेल, तरच हा पर्याय घ्यावा. एरवी चेंडू डोक्याने उंच आणि बाजूला काढून टाकावा.

थ्रो-इन थेट गोलरक्षकाकडे टाकता येते का?

टाकता येते, पण 1997 पासून तीही त्याला हातात घेता येत नाही.

पास नेमका कुठे द्यावा?

गोलच्या चौकटीबाहेर. या पानावरील एकच उत्तर वाचायला वेळ असेल, तर हे वाचावे. दोन खांबांमधील अंतर 7.32 मीटर असते. आपला पास गोलरक्षकाला न लागता तसाच पुढे गेला तर कुठे पोचेल, ही रेषा पाय उचलण्याआधी मनात आखावी, आणि ती रेषा त्या 7.32 मीटरांच्या आत जात असेल तर पासची दिशा बदलावी किंवा पासच देऊ नये. खांबाबाहेर जाणारा पास गोलरक्षकाकडून चुकला तर कॉर्नर मिळतो. खांबाच्या आत जाणारा चुकला तर गोल होतो. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकामागे कोणी उभे नसताना जोरात थ्रो करणाऱ्या क्षेत्ररक्षकाला जे ऐकून घ्यावे लागते, तेच इथेही लागू आहे. फरक इतकाच की इथे ओव्हरथ्रोची किंमत अख्खा गोल असते.

ऑक्टोबर 2006 मध्ये झाग्रेब येथे क्रोएशियाविरुद्धच्या युरो पात्रता सामन्यात इंग्लंडच्या गॅरी नेव्हिलने गोलरक्षक पॉल रॉबिन्सनकडे अगदी साधा पास दिला. रॉबिन्सनने चेंडू दूर मारण्यासाठी पाय फिरवला, नेमक्या त्याच क्षणी चेंडूने जमिनीवरून उसळी घेतली, किक हवेत गेली आणि चेंडू संथपणे गोलमध्ये गेला. नोंद नेव्हिलच्या नावावर स्वयंगोल म्हणून झाली आणि इंग्लंड 0-2 असे हरले. पासचा वेग योग्य होता, जवळ फारसा दबाव नव्हता, दोघेही अनुभवी होते. चूक होती ती एवढीच की पासची रेषा गोलच्या आत संपत होती.

जून 2021 मध्ये कोपनहेगनला, पुन्हा क्रोएशियाविरुद्धच, स्पेनच्या पेद्रीने जवळपास अर्ध्या मैदानावरून गोलरक्षक उनाई सिमोनकडे पास दिला. सिमोनच्या बुटाजवळ चेंडू किंचित उसळला, नियंत्रण सुटले आणि स्वयंगोल झाला. स्पेनने तो सामना जादा वेळेत 5-3 असा जिंकला, त्यामुळे चर्चा लवकर थांबली, एवढेच. इतक्या लांबून दिलेल्या पासवर गोलरक्षकाने नजर हटवायला नको होती, हे खरे आहे. पण तोच पास तीन-चार मीटर बाजूला गेला असता, तर नजर हटूनही केवळ कॉर्नर झाला असता.

म्हणजे ही जबाबदारी पूर्णपणे पास देणाऱ्याची का?

नाही, निम्म्याहून अधिक गोलरक्षकाची आहे, असे माझे मत आहे. पास देणारा बहुतेक वेळा घाईत असतो आणि त्याला समोर दिसतो तो फक्त गोलरक्षकाचा रंगीत जर्सी घातलेला आकार. तो आकार जिथे उभा असेल तिकडे चेंडू येणार. म्हणून चेंडू मागे येण्याची शक्यता दिसताच गोलरक्षकाने गोलच्या मध्यभागातून सरकून, चेंडू ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या खांबाबाहेरच्या रेषेत आले पाहिजे, हाताने जागा दाखवली पाहिजे आणि लवकर आवाज दिला पाहिजे. फार जवळ येऊनही चालत नाही, कारण अंतर जितके कमी तितका पहिल्या स्पर्शासाठीचा वेळ कमी.

आवाज कोणता द्यायचा, हे संघाने आधी ठरवावे. ‘कीपर’ म्हणजे मला दे, ‘वेळ आहे’ म्हणजे वळून खेळ, ‘बाहेर’ म्हणजे सरळ रेषेबाहेर मार, असे तीन शब्द पुरतात. आवाज आला नाही तर पास द्यायचा नाही, हा नियम कुमार गटात कटाक्षाने पाळावा. वरिष्ठ संघांत खेळाडूंना एकमेकांची सवय असते. तिथे नजरेने काम भागते.

पासचा वेग किती असावा?

अपुरा वेग हा बॅकपासमधला सर्वांत महाग दोष आहे. 13 जून 2004 रोजी लिस्बनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात इंग्लंड फ्रान्सविरुद्ध भरपाई वेळेपर्यंत 1-0 असे पुढे होते. झिनेदिन झिदानने फ्री किकवर बरोबरी साधली आणि त्यानंतर काही क्षणांतच स्टीव्हन जेरार्डने गोलरक्षक डेव्हिड जेम्सकडे कमी जोराचा पास मागे दिला. थिएरी ऑन्री मध्ये घुसला, जेम्सने त्याला पाडले, आणि झिदानने पेनल्टीवर सामना 2-1 असा फिरवला. जेरार्डसारख्या खेळाडूला पंचवीस मीटरचा पास देता येत नव्हता, असे कोण म्हणेल? तो चुकला पाहण्यात. पास देण्यापूर्वी मागे कोण उभे आहे हे त्याला दिसले नव्हते, आणि ज्याला मागचे दिसत नाही त्याचा पाय मागे पास देताना नकळत आखडतो.

तेव्हा पास पायाच्या आतल्या बाजूने, जमिनीलगत आणि ठाम द्यावा. गोलरक्षकाला थोडी मेहनत पडली तरी चालेल, पण चेंडू वाटेत थांबता कामा नये. फार जोराचा पास चौकटीबाहेर असेल तर निदान कॉर्नरवर निभावते. कमी जोराच्या पासला असा कोणताही आधार नसतो. गोलरक्षकाचा बळकट पाय कोणता हे माहीत असावे आणि शक्यतो त्याच पायाला चेंडू मिळावा. टप्पे खात जाणारा पास टाळावा, कारण गोलरक्षकाला एकाच वेळी उसळी आणि धावून येणारा आघाडीपटू या दोन्हींकडे पाहावे लागते.

पास देण्यापूर्वी मागे पाहायला वेळच मिळत नसेल तर?

चेंडू आपल्यापर्यंत पोचण्यापूर्वी पाहावे. चेंडू पायाशी आल्यानंतर मान वळवणे म्हणजे उशीर झाला असे समजावे. चेंडू येत असताना एकदा खांद्यावरून मागे नजर टाकली, की गोलरक्षक कुठे आहे, आघाडीपटू कोणत्या बाजूने येतो आहे आणि आपल्या व गोलरक्षकाच्या मध्ये कोण आहे, या तिन्ही गोष्टी कळतात. ही नजर टाकता आली नाही, तर मागे पास देण्याचा अधिकार आपण गमावला असे मानून चेंडू बाजूच्या रेषेबाहेर काढावा. थ्रो-इन दिल्याने कोणी लहान होत नाही.

पावसाळ्यात आणि खडबडीत मैदानावर काय करावे?

वर दिलेले सल्ले हिरवळीचे सपाट मैदान गृहीत धरतात. मुंबईच्या मैदानांवर जुलैमध्ये खेळलेल्या कोणालाही माहीत आहे, की डबक्यात पडलेला चेंडू जागच्या जागी थांबतो. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालीम संघांचे फुटबॉल ज्या ईर्ष्येने खेळले जाते, त्यात बचावपटूला अर्ध्या सेकंदाची उसंत मिळत नाही, आणि सरावाची मैदाने तर अनेकदा कोरडी, खडे वर आलेली असतात. अशा जमिनीवर चेंडू कधी उसळेल याचा भरवसा नसतो, आणि झाग्रेबमध्ये जे घडले ते तिथे कोणत्याही रविवारी घडू शकते.

सामन्याआधी गोलरक्षकाने आपल्या पेनल्टी क्षेत्रात चालून पाहावे. पाणी कुठे साचले आहे आणि खांबांजवळची कोणती बाजू सपाट आहे हे बचावपटूंना सांगावे. चिखल असेल तर लांबचा बॅकपास त्या दिवसापुरता बंद ठेवावा आणि दहा-बारा मीटरच्या आतलाच पास द्यावा. गोलरक्षकानेही असा चेंडू तळव्याखाली अडवण्याचा मोह टाळावा. पायाची आतली बाजू चेंडूच्या रेषेत पूर्ण उघडी धरून, शरीर त्या रेषेमागे आणून तो घ्यावा, म्हणजे उसळी आली तरी नडगी किंवा मांडी आडवी येते.

गोलरक्षकाचा पहिला स्पर्श कसा असावा?

गोलपासून दूर आणि दबावाच्या विरुद्ध बाजूला. चेंडू उजवीकडून आला असेल आणि आघाडीपटूही उजवीकडूनच धावत येत असेल, तर पहिल्याच स्पर्शाने चेंडू डावीकडे काढला की दुसऱ्या स्पर्शात डावा बचावपटू मोकळा सापडतो. दोन स्पर्शांना वेळ नसेल, तर एकाच स्पर्शात उंच आणि बाजूच्या रेषेकडे मारावे. मैदानाच्या मध्यभागी, पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी, जमिनीलगत दिलेला घाईचा पास हा यातला सर्वांत वाईट पर्याय आहे.

पास चुकलाच आणि चेंडू गोलकडे निघाला, तर गोलरक्षकाने हाताने अडवावा का?

अवश्य अडवावा. स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात बॅकपासला हात लावल्याबद्दल गोलरक्षकाला ना पिवळे कार्ड मिळते ना लाल. मिळते ती फक्त अप्रत्यक्ष फ्री किक. हा गुन्हा गोलक्षेत्रात, म्हणजे गोलसमोरच्या आतल्या छोट्या चौकटीत, घडला असेल तर फ्री किक गोलरेषेपासून 5.5 मीटरवरच्या रेषेवरून घेतली जाते. बचाव करणाऱ्यांना एरवी 9.15 मीटर दूर राहावे लागते, पण दोन खांबांमध्ये स्वतःच्या गोलरेषेवर त्यांना उभे राहता येते, आणि अशा वेळी सगळा संघ तिथे दाटीवाटीने उभा राहिलेला दिसतो. किक मारल्यानंतर दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श झाल्याशिवाय गोल मान्य होत नसल्याने बचावाची संधी बरीच असते. निश्चित गोलच्या बदल्यात हा सौदा कधीही परवडतो. हात लागूनही चेंडू आत गेलाच, तर पंच साहजिकच गोल देतात.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो गोलरक्षकाने पाठच करावा. थ्रो-इन, गोल किक किंवा फ्री किकवरून स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू कोणालाही न लागता थेट गेला तर गोल होत नाही, प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर मिळतो. सप्टेंबर 2002 मध्ये बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध ॲस्टन व्हिलाच्या ओलोफ मेलबर्गने गोलरक्षक पीटर एंकेलमानकडे थ्रो-इन टाकली. चेंडू त्याच्या पायाखालून निसटून गोलमध्ये गेला. पायाचा स्पर्श झाला होता, असा निर्णय पंच डेव्हिड एलेरी यांनी दिल्यामुळे गोल मान्य झाला. स्पर्श झाला नसता तर तो केवळ कॉर्नर होता. अशा चेंडूवर पूर्ण ताबा मिळणार नसेल, तर पाय मागे घेतलेला चांगला.

चूक सुधारण्यासाठी मारलेली किक फसली, तर नंतर हात लावता येतो का?

2019 पासून येतो. बॅकपास किंवा थ्रो-इन मिळाल्यावर गोलरक्षकाने चेंडू खेळात सोडण्यासाठी स्पष्टपणे किक मारली किंवा तसा स्पष्ट प्रयत्न केला, आणि ती फसली, तर त्यानंतर तो चेंडू हाताने घेऊ शकतो. चेंडू नुसता पायाने थांबवून मग उचलणे मात्र यात बसत नाही.

आघाडी टिकवण्यासाठी पुन्हापुन्हा मागे पास देणे नियमात बसते का?

बसते. गोलरक्षकाने चेंडू पायाशी ठेवला तर त्याला वेळेची मर्यादा नाही. प्रतिस्पर्ध्यांनी येऊन तो घ्यायचा असतो. हातात घेतलेल्या चेंडूला मात्र 2025-26 च्या हंगामापासून आठ सेकंदांची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजून दाखवतात. याआधी मर्यादा सहा सेकंदांची आणि शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची होती, पण ती क्वचितच दिली जात असे.

लहान मुलांना याचा सराव कसा द्यावा?

गोलच्या दोन्ही खांबांपासून बाहेरच्या बाजूला साधारण तीन मीटरवर एकेक शंकू ठेवावा. खांब आणि शंकू यांमधली जागा हेच पास देण्याचे दार. बचावपटूने पंधरा ते वीस मीटरवरून त्या दारातून जाईल असा पास द्यावा आणि गोलरक्षकाने सुरुवातीला चेंडूला स्पर्श न करता तो फक्त जाऊ द्यावा. पास खरोखर कुठे जातो हे मुलांना अशाने स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. मग गोलरक्षकाला दोन स्पर्शांत खेळू द्यावे, आणि त्यानंतरच दहा मीटर मागून धावत येणारा आघाडीपटू आणावा. आधी दबाव आणि मग तंत्र, असा उलटा क्रम लावला की मुले घाबरून प्रत्येक चेंडू बाहेर मारायला शिकतात.

टर्फवरच्या पाच-पाच खेळाडूंच्या सामन्यात हेच नियम असतात का?

मुंबई-पुण्यात भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर बहुधा आयोजकांचे स्वतःचे नियम असतात, ते सुरुवातीलाच विचारून घ्यावेत. अधिकृत फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच खेळाडूंच्या लहान मैदानावरील फुटबॉलमध्ये, बंधने अधिक कडक आहेत: गोलरक्षकाने एकदा चेंडू खेळल्यानंतर प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याशिवाय सहकाऱ्याने मुद्दाम परत दिलेला चेंडू त्याला स्वतःच्या अर्ध्या भागात घेता येत नाही, मग तो पायाने घेतला तरीही, आणि स्वतःच्या अर्ध्या भागात गोलरक्षकाला चेंडू चार सेकंदांपेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाही.